धूर नसलेली आगगाडी

पियानोमागे चष्मा लावलेला, जरा बुजरा वाटणारा एक गृहस्थ. त्याच्या शेजारी चाकांच्या खुर्चीत बसलेला, दाढीवाला, भारदस्त आवाजाचा दुसरा. नेपथ्य म्हणावं असं जवळजवळ काही नाही. मायकेल फ्लँडर्स आणि डोनाल्ड स्वॉन यांचा कार्यक्रम एवढ्या भांडवलावर उभा असे. शब्द फ्लँडर्सचे, चाली स्वॉनच्या, आणि दोघांचा उद्योग एकच, सभ्य इंग्रज माणसाला त्याच्याच संसारावर हसायला लावायचं. ३१ डिसेंबर १९५६ला लंडनच्या नॉटिंग हिल भागातल्या एका लहानशा थिएटरात त्यांनी ‘ॲट द ड्रॉप ऑफ अ हॅट’ सुरू केलं. ते लगेच फॉर्च्यून थिएटरात गेलं आणि तिथे दोन वर्षांहून जास्त चाललं. चिखलात लोळण्याचं सुख सांगणारा पाणघोडा, लंडनची अगडबंब दुमजली बस, गॅसची दुरुस्ती करायला आलेला माणूस आणि त्याने केलेली नासधूस निस्तरायला एकामागून एक येणारे कारागीर, असले त्यांच्या गाण्यांचे विषय. १९६३ साली या कार्यक्रमाचा पुढचा अवतार आला, त्याच सुमाराला त्यांनी ‘स्लो ट्रेन’ नावाचं एक गाणं केलं. त्यात विनोद नाही. कोपरखळी नाही, यमकाची कसरत नाही, शेवटी पायाखालची सतरंजी ओढणं नाही. आहेत ती बहुतांशी स्टेशनांची नावं. बंद होणार म्हणून जाहीर झालेल्या, कुणी कधी फारशा न ऐकलेल्या स्टेशनांची: ब्लँडफर्ड फोरम, मिडसमर नॉर्टन, डॉग डाइक, टंबी वुडसाइड, मो कॉप अँड स्कॉलर ग्रीन. गॅझेटमध्ये छापावी तशी यादी, पण संथ चालीवर. रात्रभर हसवणारे दोघे अचानक हसवायचं थांबवतात आणि नावं वाचायला लागतात.

पार्श्वभूमी अशी. २७ मार्च १९६३ला ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. हे गृहस्थ आयसीआय या रसायनांच्या कंपनीतून आलेले, शास्त्रज्ञ, हिशेबाला पक्के. देशातली २,३६३ स्टेशनं आणि सुमारे ५,००० मैल मार्ग बंद करावा, अशी त्यांची शिफारस होती. पाच वर्षांनी, ११ ऑगस्ट १९६८ला, मुख्य मार्गांवरची वाफेची शेवटची गाडी लिव्हरपूलहून कार्लाइलला जाऊन परत आली. तिकीट पंधरा गिनी, म्हणून गाडीचं नावच पंधरा गिनीची गाडी पडलं. या दोन घटना एकमेकींच्या इतक्या जवळ पडल्या की लोकांच्या मनात त्यांची एकच घटना झाली, आणि ‘स्लो ट्रेन’ हे वाफेच्या युगाचं मृत्युगीत ठरून गेलं. आजही वाफेच्या इंजिनांचे शौकीन ते तसंच ऐकतात. पण गाणं नीट ऐकलं तर एक गोष्ट खटकते. त्यात इंजिन नाही. वाफ नाही, धूर नाही, शिट्टी नाही. फलाट आहे, फलाटावरच्या बारीकसारीक वस्तू आहेत, गाडीची वाट पाहणं आहे. गाडी डिझेलची असती तरी त्यातला एक शब्दही बदलावा लागला नसता. शिवाय यादीत ट्रबल हाउस हॉल्ट हे नाव आहे. ग्लॉस्टरशरमधल्या टेटबरीच्या फाट्यावरचा हा थांबा १९५९ साली उघडला, आणि तोही नव्याने आलेल्या डिझेलच्या रेलबसांसाठी. गाणं आलं तेव्हा त्याचं वय चार वर्षं. चार वर्षांच्या डिझेलच्या थांब्याबद्दल गेल्या युगाची हळहळ कशी वाटेल? म्हणजे हळहळीचा पत्ता आपण चुकीचा लिहिला आहे. माझं म्हणणं असं की ब्रिटिश हास्यगीतांतून वाहत आलेली ही रेल्वेची ओढ मुळात वाफेबद्दलची नाहीच. ती कुरकुरीबद्दलची आहे. सगळ्यांनी मिळून, एका सुरात, आपल्याच गाडीला नावं ठेवण्याची जी सोय होती, तिच्याबद्दलची.

हे सिद्ध करायला वाफेच्या युगातच जावं लागतं, कारण त्या युगातली गाणी वाफेवर अजिबात खूश नाहीत. १८४४च्या कायद्याने प्रत्येक रेल्वे कंपनीवर सक्ती केली की गरिबांसाठी दिवसातून किमान एक गाडी सोडायची, मैलाला एक पेनीहून जास्त भाडं घ्यायचं नाही, वेग ताशी १२ मैलांहून कमी ठेवायचा नाही, आणि प्रत्येक स्टेशनावर थांबायचं. पार्लमेंटच्या कायद्याने धावणारी म्हणून तिचं नाव पार्लमेंटरी. कंपन्यांनी ती नाइलाजाने चालवली, आणि किती नाइलाजाने ते प्रवाशांना पावलोपावली कळत असे. मार्च १८८५मध्ये लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात गिल्बर्ट आणि सलिव्हन यांचं ‘द मिकाडो’ आलं. त्यातला जपानचा बादशहा गुन्ह्याला शोभेल अशा शिक्षा शोधून काढण्यात रमलेला असतो, आणि डब्याच्या काचांवर रेघोट्या ओढणाऱ्या महाभागासाठी त्याने ठरवलेली शिक्षा म्हणजे पार्लमेंटरी गाडीच्या बफरवर बसून प्रवास. प्रेक्षक कशाला हसले असतील हे सांगायला नको. ती गाडी त्यांनी भोगलेली होती. आता जरा हिशेब मांडू. प्रत्येक स्टेशनावर थांबणारी, रेंगाळणारी, कंपनीला नकोशी झालेली ही गाडी, आपण जिला पॅसेंजर म्हणतो तिचीच पणजी. गिल्बर्टने १८८५ साली जिला शिक्षा म्हणून वापरलं, तिच्याच पणतीसाठी फ्लँडर्सने १९६३ साली गळा काढला. गाडीत फारसा फरक पडला नव्हता. फरक पडला होता तो तिला नावं ठेवणाऱ्या लोकांच्या आयुष्यात.

मधल्या काळात म्युझिक हॉलच्या, म्हणजे गाण्या-विनोदांच्या लोकप्रिय थिएटरांच्या, रंगमंचावर हीच तक्रार फार लोभसवाण्या रूपात आली. १८९२ साली ले ब्रन बंधूंनी ‘ओह! मिस्टर पोर्टर’ हे गाणं केलं आणि मेरी लॉइडने ते गाजवलं. गोष्ट एवढीशी: एक मुलगी चुकीच्या गाडीत बसली आहे, तिला जायचंय बर्मिंगहॅमला, गाडी निघाली आहे क्रूला, आणि ती हमालाला हाका मारते आहे. हमाल काय करणार, बिचारा! पण इंग्लंडमधल्या प्रत्येक श्रोत्याला क्रू माहीत होतं, कारण प्रत्येक जण कधी ना कधी तिथे गाडी बदलायला उतरून गारठलेला होता. आपल्याकडे मनमाड किंवा दौंड म्हटल्यावर जो अनुभव न सांगता उभा राहतो, तोच. त्यानंतर १९३४मध्ये रेजिनाल्ड गार्डिनर या नटाने ‘ट्रेन्स’ नावाची ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यात तो निव्वळ तोंडाने इंजिनांचे आणि चाकांचे आवाज काढतो आणि मधूनमधून अत्यंत खानदानी सुरात त्यांच्यावर भाष्य करतो. ती ऐकताना कळतं की या माणसाने असंख्य तास रुळांच्या सांध्यांचे ठोके ऐकण्यात घालवले आहेत, आणि तेही स्वखुशीने नव्हे. कंटाळ्याचं इतकं काटेकोर निरीक्षण करायला आधी कंटाळा पुरेपूर भोगावा लागतो. वाफेच्या ऐन बहरात निघालेल्या या गाण्यांत आणि नकलांत कुठेही गौरव नाही. गौरवाची गाणी त्या काळात असतीलही, पण लोकांच्या ओठांवर राहिली ती थट्टेची.

रेल्वे आणि हास्यगीत यांची ही सोयरीक योगायोगाने जमलेली नाही. म्युझिक हॉलचा धंदाच रुळांवर उभा होता. लॅम्बेथमध्ये चार्ल्स मॉर्टनने कँटरबरी हॉल उघडला १८५२ साली, म्हणजे देशभर मुख्य लोहमार्गांचं जाळं विणून होत आलं तेव्हा. पुढे थिएटरांच्या साखळ्या झाल्या. कलाकार एका गावात आठवडाभर खेळ करायचा आणि रविवारी पेटी, पोशाख, कधी कुत्री-माकडांसकट पुढच्या गावाला निघायचा. त्यामुळे रविवारी क्रूच्या फलाटावर देशातले निम्मे विदूषक, गायिका आणि जादूगार एकमेकांना भेटत, चहाच्या कपावर मालकांना शिव्या घालत. ज्या स्टेशनाला गाण्यात हसायचं, तिथेच गाणाऱ्यांचा रविवार जाई. गाणंही रेल्वेसारखंच सार्वजनिक. कडवं कलाकाराचं, धृपद सगळ्यांचं. १९२२ साली मेरी लॉइड वारली तेव्हा टी. एस. एलियटने तिच्यावर लेख लिहिला, आणि त्यात हाच मुद्दा मांडला: धृपदात सूर मिळवणारा कामगार त्या खेळाचं काही काम स्वतः करत असतो, आणि सिनेमाच्या अंधारात हे त्याचं काम सुटणार आहे. (हाच कवी पुढे १९३९मध्ये रात्रीच्या मेलगाडीवर हुकमत गाजवणाऱ्या एका मांजराची कविता लिहून मोकळा झाला, हेही ध्यानात ठेवण्यासारखं.) धृपदात सामील व्हायला एक अट असते. तक्रार सगळ्यांची असावी लागते. एकट्याच्या दुःखावर धृपद बांधता येत नाही. थर्ड क्लासमधला आणि फर्स्ट क्लासमधला दोघेही क्रूला एकाच गाडीसाठी थांबलेले असतात, म्हणून दोघांना एकच धृपद चालतं. मोटार ज्याची त्याची असते. ती बंद पडली तर माणूस रस्त्याकडेला एकटाच चडफडतो, आणि त्या चडफडण्याला चाल लागत नाही.

म्हणून १९६३चा वसंत मला फार बोलका वाटतो. २२ मार्चला पार्लोफोन कंपनीने बीटल्सची पहिली मोठी तबकडी बाजारात आणली. पाचच दिवसांनी बीचिंगचा अहवाल आला. ७ मे रोजी मॅक्स मिलर वारला. भडक फुलाफुलांच्या पोशाखात उभा राहून चावट बोलणारा हा विनोदवीर म्हणजे म्युझिक हॉलच्या शेवटच्या मोठ्या माणसांपैकी एक. बीटल्सच्या त्या तबकडीचा निर्माता जॉर्ज मार्टिन त्याआधी हास्यगीतांच्या तबकड्या काढणारा माणूस म्हणून ओळखला जाई. फ्लँडर्स आणि स्वॉन यांचं पहिलं ध्वनिमुद्रण त्याचंच, आणि १९६२ साली बर्नार्ड क्रिबिन्सचं ‘होल इन द ग्राउंड’ही त्याचंच. त्या गाण्यात खड्डा खणणारा एक मजूर आहे आणि त्याच्या डोक्यावर उभा राहून खड्डा कसा असावा हे सांगणारा एक साहेबी टोपीवाला. शेवटी खड्डा बुजतो, आणि टोपीवाला कुठे दिसत नाही. हाच क्रिबिन्स १९७० साली ‘द रेल्वे चिल्ड्रेन’ या चित्रपटात पर्क्स नावाचा हमाल झाला. चित्रीकरण यॉर्कशरमधल्या कीथली आणि वर्थ व्हॅली मार्गावर, जो ब्रिटिश रेल्वेने बंद केल्यावर हौशी लोकांनी १९६८ साली पुन्हा सुरू केला होता. मेरी लॉइडच्या मुलीने ज्याला हाका मारल्या तो हमाल अखेर पडद्यावर आला, तेव्हा त्याला चेहरा लाभला तो हास्यगीतं गाणाऱ्या माणसाचा. त्या हमालाला स्वाभिमान आहे, चिडचिड आहे, दयेचं वावडं आहे. इंजिनापेक्षा तोच जास्त लक्षात राहतो.

इथे कुणी म्हणेल, हे सगळं गोड आहे, पण खोटं आहे. वाफेचा काळ म्हणजे काजळी. इंजिनाच्या भट्टीत एका खेपेला कित्येक टन कोळसा फावड्याने ओढणारा फायरमन, पहाटे थंडगार शेडमध्ये राख उपसणारी पोरं, धुण्याच्या दोरीवर काळे पडणारे कपडे. डिसेंबर १९५२मध्ये लंडनवर पाच दिवस जे विषारी धुकं साचलं आणि हजारोंचे जीव घेऊन गेलं ते कोळशाच्या धुराचं, आणि त्या धुरात इंजिनांचाही वाटा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हॅरो अँड वील्डस्टोन स्टेशनात तीन गाड्या एकमेकींत घुसून ११२ माणसं मेली. आक्षेप खरा आहे, आणि वाफेच्या इंजिनाचे फोटो भिंतीवर लावणाऱ्यांना तो लागू पडतो. हास्यगीताला तो तेवढा लागू पडत नाही, कारण हास्यगीताने ही घाण कधी लपवली नाही. त्याचं सगळं भांडवलच गैरसोय. आणि ‘स्लो ट्रेन’ लिहिणाऱ्याला तर गैरसोय कुणी शिकवायला नको होती. फ्लँडर्सला १९४३ साली नौदलात असताना पोलिओ झाला, त्यानंतरचं सगळं आयुष्य चाकांच्या खुर्चीत गेलं. त्या काळच्या ब्रिटिश रेल्वेत अशा खुर्चीतल्या प्रवाशाची जागा बहुधा गार्डाच्या डब्यात असे, पार्सलं आणि सायकलींच्या शेजारी. ज्या गाड्यांच्या दारातून हा माणूस सरळ आत जाऊ शकत नव्हता, त्यांच्या थांब्यांची नावं त्याने एकेक करून लिहिली. हा भाबडेपणा असेल तर तो मोठा विचारपूर्वक केलेला भाबडेपणा आहे.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे, आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. लोकांचं या थांब्यांवर एवढं प्रेम होतं तर डबे रिकामे का जात होते? बीचिंगचा अहवाल सांगतो की मार्गाच्या एकूण लांबीपैकी एक तृतीयांश भागावर प्रवासी वाहतुकीचा फक्त एक टक्का हिस्सा होता. आकड्यांवर वाद झाले, वाहतूक मोजण्याच्या पद्धतीवर झाले, रस्तेबांधणीच्या धंद्यातून आलेल्या वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांच्यावर तर फारच झाले. पण काही फाट्यांवर गाडी गार्ड आणि ड्रायव्हर यांच्यासाठीच धावत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. गाणं ऐकून डोळे पुसणाऱ्यांपैकी अनेक जण थिएटरातून मोटारीने घरी गेले असणार. हे ढोंग आहे का? अंशतः आहे. पण गावातली विहीर नळ आल्यावर कुणी शेंदत नाही, तरी ती बुजवायला निघालं की गाव गोळा होतं. आपण वापरत नाही अशा पुष्कळ गोष्टी आपल्या असतात. शिवाय ज्यांच्याकडे मोटार नव्हती, त्या म्हाताऱ्या, पोरं, मजूर, यांना गाणी लिहिण्याची सवय नसते. १९६४ साली मजूर पक्ष मोठे मार्ग बंद न करण्याचं आश्वासन देत निवडून आला आणि मार्ग बंद होतच राहिले. मोटार नसलेल्या या लोकांनी मग बसची वाट पाहिली असेल. पुढे अनेक ठिकाणी बसही गेली. बीचिंगच्या हिशेबात थांब्यावरच्या कुरकुरीला रकाना नव्हता, आणि असायला हवा होता असं म्हणणंही अवघड आहे. तरी एक गोष्ट हिशेबातून निसटली खरी: ज्याच्याबद्दल सगळं गाव मिळून तक्रार करू शकेल अशी ती गावातली जवळजवळ शेवटची वस्तू होती.

नावांबद्दल थोडं विषयांतर. या यादीत ‘टाइड्सवेलसाठी मिलर्स डेल’, ‘बटरमिअरसाठी कॉकरमथ’ अशा धर्तीची नावं आहेत. पाटीवरच कबुली: बाबांनो, गाव इथे नाही, पण इथे उतरलात तर चालत पोचाल. काही नावांना ‘रोड’ जोडलेलं, तेही त्याच अर्थाने. रोड म्हणजे इथून पुढे रस्ता, आणि तो किती लांब ते विचारू नका. ही गंमत मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही, कारण त्याच रेल्वेवाल्यांनी ती आपल्यालाही दिली. नाशिक रोडला उतरलेला माणूस नाशिकला पोचलेला नसतो. कुर्डुवाडीला पूर्वी बार्शी रोड म्हणत, आणि बार्शी तिथून वीसेक मैलांवर. ते अंतर कापायला १८९७मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे बांधली. याच माणसाने पुढे तेच अडीच फुटी माप स्टॅफर्डशरच्या डोंगरात नेलं. तिथली लीक अँड मॅनिफोल्ड लाइन १९०४ साली उघडली, तिच्या इंजिनांना भारतातल्यासारखे मोठाले पुढचे दिवे होते, आणि ती १९३४मध्ये बंदही झाली. आज तिच्या जागी पायवाट आहे. बार्शीची लाइन मात्र पंढरपूर, लातूर, मिरज असे पाय पसरत पुढची शंभर वर्षं चालली आणि मग रुंद झाली. तिथे बंद, इथे रुंद. पण मराठीतली अगीनगाडी आपण मनात ठेवली ती मामाच्या गावाला जाणारी, लहानपणाची. इंग्रजांनी ठेवली ती मोठेपणाची, चुकलेल्या गाडीची, न ऐकणाऱ्या हमालाची. कोणती ओढ बरी, याचा निवाडा करत बसायचं कारण नाही, पण थट्टेतून आलेल्या आठवणीवर मी थोडा जास्त विश्वास ठेवतो. गोड आठवण दर खेपेला थोडी आणखी गोड होते. थट्टेतला बोचरा दगड तसाच राहतो.

आणि म्हणूनच जपून ठेवलेल्या वाफेच्या गाड्यांबद्दल मला एक शंका आहे. त्या जपणाऱ्यांचे कष्ट मोठे आहेत. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे १९५१ साली स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, जगात पहिल्यांदा. दोनच वर्षांनी अशाच उद्योगावर ईलिंग स्टुडिओने ‘द टिटफील्ड थंडरबोल्ट’ हा विनोदी चित्रपट काढला, आणि त्याच १९५३ साली बीबीसीने लीड्सच्या जुन्या थिएटरातून ‘द गुड ओल्ड डेज’ सुरू केलं. त्यात म्युझिक हॉलची गाणी, आणि प्रेक्षक मुद्दाम जुन्या काळचे पोशाख करून आलेले. ते तीस वर्षं चाललं. वाफेची गाडी आणि हास्यगीत, दोघांना एकाच वेळी काचेच्या पेटीत ठेवलं गेलं. पेटीतल्या गोष्टीला एक उणीव असते. हौशी मार्गावरची गाडी पाऊण तास उशिरा आली तर कुणी रागावत नाही. लोक घड्याळ न बघता फोटो काढतात. पितळ चकचकीत, डबे रंगवलेले, हमाल हसतमुख. त्याला हाका मारायचं कारणच उरत नाही. कुठे पोचायचंच नसेल तर माणूस क्रूला जाऊन पडला काय आणि बर्मिंगहॅमला काय! सगळं जपलं, फक्त गैरसोय जपता आली नाही, आणि गाणं तर तिच्यातून निघालं होतं.

ट्रबल हाउस हॉल्टला मात्र ते शेवटपर्यंत जमलं. हा थांबा एका पबसाठी काढलेला होता, ट्रबल हाउस हे त्या पबचंच नाव. शेतातून जाणारे रूळ आणि काठाशी जेमतेम उतरण्यापुरती जागा. गाडीत चढायला पायाखाली बिअरचं खोकं ठेवत. ५ एप्रिल १९६४च्या सुमाराला शेवटची गाडी आली तेव्हा पबमालक आणि त्याच्या भावाने बनवलेली एक शवपेटी तयार होती, वर काहीबाही लिहिलेली, आत व्हिस्कीच्या रिकाम्या बाटल्या. काळ्या गोल टोप्या घातलेल्या मंडळींनी ती गंभीरपणे खांद्यावरून आणली आणि गाडीत चढवली. पत्ता डॉ. बीचिंग यांचा. पुढे केंबल स्टेशनात ती लंडनच्या गाडीत बदलली गेली. म्हणजे रेल्वेच्या नावाने काढलेली ही तिरडी रेल्वेनेच, डिझेलच्या रेलबसमधून, नीट गाडी बदलून पुढे पोचवायला घेतली. मेरी लॉइडला हे आवडलं असतं.

फ्लँडर्सने नावं अहवालाच्या वेळी निवडली, त्यामुळे यादीतली काही स्टेशनं पुढे वाचली. चेस्टर-ल-स्ट्रीटला गाड्या थांबतात. चॉर्लटन-कम-हार्डीला १९६७ साली कुलूप लागलं, आणि २०११पासून तिथे ट्राम येते. कॉर्नवॉलमधला सेंट अर्थ ते सेंट आइव्हज हा सव्वाचार मैलांचा फाटाही गाण्यात मेलेल्यांत जमा आहे. तो बंद झाला नाही. समुद्राला लगटून, कार्बिस बेच्या वाळूवरून वळसा घेत डिझेलची गाडी तिथे दिवसभर ये-जा करते. सेंट आइव्हजच्या गल्ल्यांत मोटारी मावत नाहीत, म्हणून लोक सेंट अर्थला मोटार उभी करतात आणि उरलेल्या वाटेसाठी गाडीत शिरतात. गाणं गाणारे आजही ते नाव वगळत नाहीत. उन्हाळ्यात डबे खच्चून भरतात, पोरांच्या हातात वाळूच्या बादल्या, दाराशी उभी माणसं, आणि एवढ्याशा डब्यांत एवढी माणसं कोंबतात तरी कशी, म्हणून एक जण दुसऱ्या अनोळखी माणसाकडे बघून तोंड वाकडं करतो.